मीखा संदेष्टा व बेथलेहेमचा अधिपती

(उपदेशक व मंडळीतील वडील यांच्या अभ्यासवर्गासाठी पाठ. वाचन : मीखा, अध्याय १ ते ७; यिर्मया २६; मत्तय २:१-१२)



नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून मीखा संदेष्ट्याचे पुस्तक उघडले जाते, आणि एक वचन वाचून ते लगेच मिटलेही जाते. ते वचन पाचव्या अध्यायातील दुसरे होय. यहूदाच्या कुळांत ज्याची गणतीही होऊ नये अशा बेथलेहेम एफ्राथातून इस्राएलाचा अधिपती निघेल, असे देव तेथे सांगतो. हे वचन आपणांस प्रिय आहे, व असावे हे योग्यच. परंतु सात अध्यायांच्या ग्रंथातून तेवढेच खुडून घेणे म्हणजे एक कणीस हाती घेऊन सगळे शेत पाहिले असे म्हणण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत मी दर नाताळास या वचनावर उपदेश करीत असे, आणि त्याचा उपयोग एकच : पाहा, सातशे वर्षे आधी गावाचे नाव सांगितले होते, व ते खरे ठरले. एके वर्षी उपासना संपल्यावर मंडळीतील एक वृद्ध शेतकरी माझ्याजवळ येऊन बसला. त्याची जमीन कर्जापायी गेली होती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, गावाचं नाव बरोबर निघालं हे कळलं. पण तो राजा येऊन करणार काय, ते काही तुम्ही सांगितलं नाही." मी म्हटले, "बाबा, पुढच्या रविवारी सांगतो." घरी जाऊन मी तो ग्रंथ पहिल्यापासून वाचावयास बसलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की म्हाताऱ्याचा प्रश्न मीखाचाच प्रश्न आहे, व त्याचे उत्तर समजण्यास आरंभ दुसऱ्या अध्यायापासून केला पाहिजे.

प्रथम या मनुष्याविषयी. त्याच्या बापाचे नाव ग्रंथात दिलेले नाही. गावाचे दिले आहे. मीखा मोरेशेथकर, असे त्यास म्हणत. आपल्याकडेही सासवडात राहणाऱ्यास कोणी सासवडकर म्हणत नाही. तो पुण्यामुंबईस गेला म्हणजे ते नाव त्यास चिकटते. यावरून मीखाने आपला संदेश राजधानीत, यरुशलेमात, सांगितला असावा असे दिसते. मोरेशेथ हे गाव यरुशलेमेच्या नैर्ऋत्येस सुमारे २० मैलांवर, डोंगर उतरून समुद्राकाठच्या पलिष्ट्यांच्या मैदानाकडे जाताना जो टेकड्यांचा सखल व सुपीक पट्टा लागतो त्यात होते. गहू, द्राक्षे व जैतून यांचा तो मुलूख. अभ्यासक बहुधा तेल एल-जुदैदे नावाच्या टेकाडाशी त्याची जागा जुळवितात. लाखीश, मारेशा, अदुल्लाम ही तटबंदीची गावे तेथून थोड्याथोड्या मैलांवर होती. २ इतिहास ११ यात रहबाम राजाने ही गावे मजबूत केल्याचे लिहिले आहे. म्हणजे मीखाच्या गावाभोवती शिपाई, कारभारी व कोठारे यांचा वेढा होता. जे धान्य शेतकरी पिकवी ते कोठे जाते, हे त्याने लहानपणापासून पाहिले असले पाहिजे.

काळ योथाम, आहाज व हिज्कीया या यहूदाच्या राजांचा. ख्रिस्तापूर्वी आठवे शतक. यशया त्याच काळी यरुशलेमात संदेश देत होता. यशयाचा राजदरबारात प्रवेश होता. मीखा खेड्यातून आलेला. ख्रि. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडील शोमरोन अश्शूरच्या हाती पडले, आणि ख्रि. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याने कोरून ठेवविलेला लेख मातीच्या लंबकावर आजही वाचता येतो. त्यात यहूदाची तटबंदीची ४६ नगरे घेतल्याची व हिज्कीयास पिंजऱ्यातील पाखराप्रमाणे यरुशलेमात कोंडल्याची प्रौढी आहे. लाखीश पडल्याची चित्रे त्याने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरविली. ती हल्ली लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. पहिल्या अध्यायाच्या शेवटी मीखा ज्या गावांची नावे घेऊन रडतो ती याच मुलखातील. प्रत्येक नावावर तो शब्दश्लेष करितो : ज्या गावाच्या नावात धूळ हा शब्द, त्याने धुळीत लोळावे, ज्याच्या नावात लबाडीचा ध्वनी, ते राजांस लबाड ठरावे. मूळ इब्रीतील हा खेळ भाषांतरात हरवतो, म्हणून ती वचने आपणांस रुक्ष वाटतात. त्यात मोरेशेथचेही नाव आहे. आपले गाव त्या यादीत लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल!

आता दुसरा अध्याय. येथे मीखा शत्रूविषयी बोलत नाही, स्वजनांविषयी बोलतो. काही माणसे रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या बेत करितात आणि उजाडताच तो तडीस नेतात, कारण सत्ता त्यांच्या हाती आहे. शेत डोळ्यांत भरले की ते हिरावून घेतात. घर आवडले की ते घेतात. मनुष्य व त्याचे वतन दोन्ही गिळतात (२:१, २). पुढे नवव्या वचनात बायकांना त्यांच्या घरांतून हुसकून लावल्याचे व लेकरांचे वैभव कायमचे नाहीसे केल्याचे तो म्हणतो. या माणसांनी दरोडा घातला असे मीखा म्हणत नाही. कागद, साक्षी, न्यायाधीश सारे त्यांच्या बाजूस असावे. तिसऱ्या अध्यायात न्याय लाच घेऊन दिला जात असल्याचे तो स्पष्टच सांगतो. ज्या वाचकांच्या आजोबापणजोबांनी सावकाराच्या खतावर अंगठा उठविला त्यांना हे समजावून द्यावयास नको. १८७५ साली पुणे व नगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच का जाळली, हे त्यांच्या घरांतून सांगितले जात आले आहे.

इस्राएलात मात्र या पापास आणखी एक बाजू होती. जमीन देवाची, ती कायमची विकावयाची नाही, असे लेवीय २५:२३ यात सांगितले आहे. प्रत्येक कुळास चिठ्ठ्या टाकून वाटा मिळाला होता, व तो वाटा म्हणजे देवाच्या लोकांत त्या घराण्याची जागा होती. नाबोथाने आपला द्राक्षमळा अहाब राजास का दिला नाही हे यावरून समजते (१ राजे २१), आणि मीखा सहाव्या अध्यायाच्या शेवटी अहाबाच्या घराण्याचे नाव काढतो तेही उगीच नव्हे. ज्याचे शेत गेले त्याचे देवाच्या मंडळीतील स्थानच गेले. म्हणून शिक्षाही तशीच : पुढे देवाच्या मंडळीत जमीन मोजण्याची दोरी धरावयास या धनदांडग्यांच्या वतीने कोणी उरणार नाही (२:५).

तिसऱ्या अध्यायातील पुढाऱ्यांचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. ते लोकांची कातडी सोलतात, हाडे मोडतात, व हंडीत घालावयाच्या मांसासारखे त्यांचे तुकडे करितात, असे तो म्हणतो. तेथेच संदेष्ट्यांविषयी जे आहे ते आपण उपदेशकांनी दारे लावून एकदा वाचावे. ज्यांच्या दातांखाली काही पडले त्यांच्याकरिता ते शांती पुकारीत, व जो त्यांच्या तोंडात काही घालीत नसे त्याच्याशी युद्ध मांडीत (३:५). आपल्यापैकी कित्येकांचे पोट मंडळीने दिलेल्या धान्यावर चालत आले आहे, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. परंतु ज्या घरून पायली येते त्या घरच्या तंट्यात आपली जीभ मऊ होते की नाही, हे ज्याचे त्यास ठाऊक. मीखाला सर्वांत असह्य झाली ती गोष्ट अशी की हे सारे करून ही मंडळी देवावर टेकून राहत, आणि परमेश्वर आमच्यामध्ये आहे, आमच्यावर अरिष्ट येणार नाही, असे म्हणत (३:११).

यानंतर तो घोर उद्गार येतो की तुमच्यामुळे सीयोन शेतासारखी नांगरली जाईल व यरुशलेम ढिगारे होईल (३:१२). येथे थोडे थांबू, कारण संदेश म्हणजे काय हे या एका वचनाच्या इतिहासावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच कळेल. हिज्कीयाच्या दिवसांत यरुशलेम नांगरले गेले नाही. सन्हेरीब परत गेला. मग मीखा खोटा ठरला काय? शंभर वर्षे लोटली. यहोयाकीम राजाच्या आरंभी यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून तोच धाक घातला, आणि याजक व संदेष्टे त्याचा जीव घ्यावयास उठले. तेव्हा देशातील काही वडील उभे राहिले आणि त्यांनी सभेस मोरेशेथच्या मीखाची आठवण दिली. त्याने असेच म्हटले होते. हिज्कीयाने त्यास मारिले काय? तो देवास भ्याला, त्याने विनवणी केली, आणि देवाने ते अरिष्ट आणिले नाही (यिर्मया २६:१७-१९). शाफानाचा पुत्र अहीकाम यानेही यिर्मयास पाठीशी घातले, व तो वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्यास राजाने तरवारीने मारिल्याचे लिहिले आहे. तेव्हा त्या वडिलांचे धैर्य लहान नव्हते. ते कोण, कोणत्या गावचे, हे शास्त्र सांगत नाही. पण शंभर वर्षे एका खेडवळ संदेष्ट्याचे शब्द कोणीतरी मुखोद्गत ठेविले होते.

आता पाहा, त्या वडिलांनी मीखाचा शब्द न घडल्यामुळे त्यास खोटा म्हटले नाही. तो शब्द ऐकिला गेला म्हणून घडला नाही, असे ते समजत होते. पुढे राजे व लोक यांनी ऐकण्याचे सोडिले, आणि ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या लोकांनी यरुशलेम जाळिले. आपल्या गावांत जोशी पंचांग उघडून जे सांगतो ते ऐकणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून नसते. ग्रह जसे असतील तसे घडावयाचे. संदेष्टा बोलतो तो मनुष्याने वळावे म्हणून. नव्याने प्रभूकडे आलेल्या पुष्कळ बंधूंच्या मनात या दोहोंची गल्लत असते, आणि आम्ही पाळकही बेथलेहेमचे वचन जोश्याच्या भाकितासारखे मिरवून ती वाढवितो. स्वतः मीखाच सांगतो की त्या अधिपतीच्या राज्यात देव आपल्या लोकांतून घोडे व रथ काढून टाकील, मूर्ती काढून टाकील, आणि शकुन पाहणारेही काढून टाकील (५:१०-१४).

चौथ्या अध्यायातील परमेश्वराच्या डोंगराचे चित्र यशयाच्या दुसऱ्या अध्यायातही आहे, हे पुष्कळांस माहीत आहे. राष्ट्रे तेथे शिकावयास येतील व तरवारींचे फाळ होतील. परंतु एक ओळ केवळ मीखात आहे, ती चौथ्या वचनातली : जो तो आपापल्या द्राक्षवेलीखाली व आपापल्या अंजिराच्या झाडाखाली बसेल, आणि कोणी त्यास भिववणार नाही. दुसऱ्या अध्यायात ज्यांचे शेत हिरावले त्यांच्यासाठी ही ओळ आहे. वेल व अंजीर लाविल्यावर फळ यावयास वर्षे लागतात. ज्यास उद्या हुसकून लाविले जाईल तो ती लावीत नाही. या अध्यायात बाबेलचे नाव येते (४:१०), त्यावरून काही विद्वान ह्या भागातील काही वचने पुढील काळातील समजतात. त्या वादात खेड्यातील वर्गाने शिरण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. दुसरा व चौथा हे अध्याय एकमेकांस धरून आहेत, एवढे प्रत्यक्ष वाचूनच कळते.

आता पाचवा अध्याय. पहिल्या वचनात वेढा पडला आहे, आणि इस्राएलाच्या शास्त्याच्या गालावर काठीचा प्रहार होत आहे. यरुशलेमातला राजा असा अपमानित उभा असता संदेष्टा पाठ फिरवून दक्षिणेस सुमारे ६ मैलांवरील एका गावाकडे पाहतो. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. एफ्राथा या नावात सुपीकतेचा अर्थ आहे. यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात यहूदाच्या गावांची मोठी लांब यादी आहे. आपल्या शास्त्रात ती इब्री मुळावरून आली असून तीत बेथलेहेमचे नाव शोधून सापडत नाही. इतके ते लहान. परंतु दाविदाचे गाव ते, आणि इशायाच्या आठ मुलांत धाकटा, मेंढरे राखणारा दावीद तेथूनच निवडला गेला (१ शमुवेल १६). यरुशलेमातल्या सिंहासनावर दाविदाचा वंशज बसलेला असताना देव पुन्हा बेथलेहेमास जातो, याचा अर्थ असा की राजवाड्यात जे झाले ते सुधारण्याजोगे उरले नाही; आरंभ पुन्हा मेंढवाड्यापासून व्हावयाचा. मीखा येथे राजा हा शब्दही वापरीत नाही, अधिपती म्हणतो. राजांचा त्यास वीट आला असेल काय? मला तसे वाटते, पण हे माझे मत आहे.

त्या अधिपतीचे निघणे पुरातन काळापासून, प्राचीन दिवसांपासून आहे, असे पुढे म्हटले आहे. इब्रीत बेथलेहेमातून निघेल हे क्रियापद व हे निघणे एकाच धातूचे आहेत. येथे उपदेशकांनी सावध असावे. प्राचीन दिवस असे जे शब्द येथे आहेत तसलेच सातव्या अध्यायात पूर्वजांच्या काळाविषयी आहेत (७:१४, २०). तेव्हा मीखाच्या श्रोत्यांनी प्रथम दाविदाचे जुने घराणे व देवाची जुनी वचने एवढेच समजून घेतले असेल. मंडळी या वचनात पुत्राचे अनादित्व वाचते ते योहानाच्या पहिल्या अध्यायाच्या प्रकाशात, आणि तसे वाचणे यथार्थ आहे; पण वाद घालणाऱ्यापुढे या एकाच वचनावर सारा भार टाकू नये. तिसऱ्या वचनातील प्रसूत होणारी स्त्री हिच्याविषयीही तसेच. चौथ्या अध्यायात सीयोनेलाच वेणा लागल्या आहेत, म्हणून मीखाचा पहिला अर्थ सीयोन असा धरावा. पवित्र कुमारीचे स्मरण त्यानंतर करावे. पाचव्या वचनात अश्शूरी देशात आल्याचे बोलणे आहे, ते वाचून कित्येकांचा गोंधळ उडतो. मीखाच्या डोळ्यांपुढे जे संकट होते त्याच्याच भाषेत देवाने त्यास तारणाऱ्याचे दर्शन दिले. दिले ते त्याला समजले त्याहून मोठे होते.

परंतु ज्या वचनावर आम्ही कधी उपदेश करीत नाही ते चौथे. तो उभा राहील व परमेश्वराच्या सामर्थ्याने आपला कळप चारील, आणि लोक निर्भय वस्ती करितील. तिसऱ्या अध्यायात पुढारी लोकांस सोलून खात होते. हा त्यांस चारतो. म्हाताऱ्याने विचारले होते की तो येऊन करणार काय. करणार ते हे.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात या वचनाचे पुढे काय झाले पाहा. मागी लोक विचारीत आले तेव्हा मुख्य याजक व शास्त्री यांना पान शोधावे लागले नाही. वचन त्यांच्या ओठांवर होते. बेथलेहेम दोन-तीन तासांच्या वाटेवर, तरी त्यांपैकी कोणी तेथवर चालत गेल्याचे मत्तय सांगत नाही. हेरोदानेही ते वचन खरे मानिले, आणि त्याचा पत्त्यासारखा उपयोग करून मुले मारविली. मत्तय मात्र मीखाचे शब्द देताना बेथलेहेम मुळीच कनिष्ठ नव्हे असा पालट करितो, व शेवटी लोकांचा मेंढपाळ होण्याची जी गोष्ट २ शमुवेल ५:२ येथे दाविदास सांगितली होती ती जोडतो. याजकांस गाव ठाऊक होते. चारणारा हवा होता तो मागी लोकांना. योहानाच्या सातव्या अध्यायातही गर्दी याच वचनावरून भांडते, आणि प्रभू त्यांच्यापुढे उभा असतो.

सहाव्या अध्यायातील देव काय मागतो हे आठवे वचन बहुतेकांस पाठ आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. त्याच अध्यायातील खोटी मापे व खोटी वजने (६:१०, ११) पाठ नाहीत, ती दुकानदार बंधूंनी पाहावीत. सातव्या अध्यायात घरातील माणसेच वैरी होतात हे दुःख आहे. प्रभूने तेच शब्द आपल्या शिष्यांना लाविले (मत्तय १०:३५, ३६), आणि घरदार सोडून बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते मी सांगावे असे नाही. ग्रंथाच्या शेवटी संदेष्टा विचारतो की पापाची क्षमा करणारा, तुझ्यासारखा देव कोण? मीखा या नावाचाच अर्थ परमेश्वरासारखा कोण असा आहे. ज्याने आरंभी सोलणाऱ्यांना सोडिले नाही तो शेवटी सर्व पापे समुद्राच्या तळाशी टाकली जातील असे म्हणतो. त्यात सोलणाऱ्यांचीही असतील, जर ते हिज्कीयासारखे वळले तर.

पुढच्या रविवारी मी दुसरा अध्याय, चौथ्यातील चौथे वचन व पाचव्यातील चौथे ही तिन्ही लागोपाठ वाचिली. म्हातारा पुढच्या ओळीत बसला होता. त्याची जमीन परत आली नाही, हेही लिहिले पाहिजे. उपासनेनंतर तो म्हणाला, "म्हणजे तो आला, पण त्याचं काम अजून चाललंय." मी त्यास होय म्हटले. मग त्याने विचारले की गावातील आपल्याच एका बंधूने विधवेचा बांध कोरला आहे, त्याचे मंडळी काय करणार. तो विषय त्याच आठवड्यात पंचांपुढे आला, व दोन बैठकांनंतर बांध पूर्वीच्या जागी गेला.

वर्गाची वाटणी अशी करावी. पहिल्या दिवशी पहिले तीन अध्याय, आणि त्या दिवशी शेतकरी बंधूंस प्रथम बोलू द्यावे, उपदेशकाने नंतर. दुसऱ्या दिवशी यिर्मयाचा सव्विसावा अध्याय मोठ्याने वाचून मुलांकडून वडिलांचे भाषण म्हणवून घ्यावे. चौथा व पाचवा अध्याय एकाच दिवशी घ्यावेत, तोडू नयेत. शेवटचे दोन राहिलेल्या दिवशी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ५:४ पाठ करावे. ५:२ त्यांस बहुधा येतच असेल.